रेघ नसलेला गोल

१२ जून

प्रिय काका,

नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. तुझ्या त्या पंपांच्या दुकानात कागद मिळत नसेल तर सांग, वहीतले पाठवते. आम्ही बऱ्या आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आई तितकीशी बरी नाही. शर्टांना बटणं लावायला शिलाईच्या कारखान्यात जाते, येते, स्वयंपाक करते आणि ओट्याशी उभी राहून चार घास खाते. बस म्हटलं की म्हणते, कुठे बसू आता.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. आम्हाला निबंधाला नव्या बाई आल्यात. त्या निबंध लिहूच देत नाहीत, आधी त्याचं चित्र काढायला लावतात. कागदाच्या मधोमध एक गोल, त्यात विषय. भोवती आणखी गोल, प्रत्येकात एकच गोष्ट, दोन-तीन शब्दांत. मग गोल रेघांनी जोडायचे आणि रेघेवर 'कारण' किंवा 'म्हणून' लिहायचं. ज्या गोलाला एकही रेघ नाही तो निबंधात चालत नाही. एक तर त्याची रेघ शोधायची, नाही तर तो खोडायचा. सगळं पेन्सिलीने. चित्र पुरं झालं की मगच पेन हातात.

विषय आहे 'एक चूक'. मुलींनी दूध उतू गेलं, बस चुकली असलं काहीबाही घेतलंय. मी मधल्या गोलात 'बाबांची चूक' असं लिहिलं. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. आमच्या घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, निदान कागदावर तरी काढू दे.

तीन गोल पटकन जमले. साबण घुसळायच्या पिंपात उतरण्याआधी फिटरने आपला पितळी बिल्ला स्विचच्या हुकाला लावायचा असतो, म्हणजे आत माणूस आहे हे कळतं. बाबांनी लावला नाही. म्हणून मशीनवाल्याला हुक रिकामा दिसला. म्हणून त्याने बटण दाबलं. पण 'का लावला नाही' हा गोल रिकामा आहे. बाबा गॅस बंद केला का ते तीनदा बघायचे. कुलूप लावून जिना उतरले की परत वर येऊन ओढून बघायचे. तूच त्यांना कुलूपमास्तर म्हणायचास. असा माणूस बिल्ला कसा विसरेल?

तू त्या दिवशी त्यांच्याबरोबर होतास. कागद सोबत पाठवते, तो गोल भरून दे. गोल कंपासने काढलेले नाहीत. कारखान्यातून बाबांच्या वस्तू आल्या त्यात त्यांचा बिल्ला होता, बेचाळीस नंबरचा. त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली की गोल छान येतो.

तुझी,
मुंगी


२७ जून

चि. मुंगीबाईंस काकाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं, शिव्याही मिळाल्या. कागद आहे, वेळही आहे, फक्त तुझा काका जन्माचा आळशी आहे. हे तुला ठाऊक असूनही तू मनाला लावून घेतेस. इथे माझं ठीक चाललंय. एक खोली, एक खिडकी, आणि खिडकीखाली दिवसभर कुरकुरणारे लोक आणि त्यांचे कुरकुरणारे पंप. दोघांनाही वंगण लागतं.

तुझ्या बाईंची युक्ती झकास आहे. आम्ही फिटर लोकही मशीन उघडण्याआधी असंच काहीतरी खडूने जमिनीवर काढतो. पण विषय बदल. चूकच हवी तर माझी घे, माझ्याकडे गोदाम भरलंय. गेल्या महिन्यात घरमालकिणीचा पंप मी असा काही जोडला की पाणी वरच्या टाकीत चढायच्या ऐवजी टाकीतलं होतं तेवढं खाली आलं. अंगणात तिच्या चार गाद्या वाळत होत्या. बाई माझ्यामागे झाडू घेऊन, मी पंपामागे, आणि दुकानाचा मालक हसून हसून खाली बसलेला. यात कारण आणि म्हणून हवे तितके आहेत. बाईंना हसू येईल, मार्क पडतील.

दादाबद्दल शाळेच्या कागदावर काय लिहायचं? झालं ते झालं. माणूस कितीही काटेकोर असला तरी एखाद्या दिवशी लक्ष उडतं. त्या गोलात 'लक्ष उडालं' एवढं लिही आणि मोकळी हो.

कागद जपून ठेवला आहे. गोल चांगले आलेत. पुढच्या वेळी वाटी वापर, नाही तर बाटलीचं झाकण.

वहिनींना नमस्कार.

तुझा काका


१० जुलै

प्रिय काका,

गाद्यांची गोष्ट वाचून मी हसले. आईला वाचून दाखवली, ती हसली नाही.

'लक्ष उडालं' असं लिहून बघितलं. बाई म्हणाल्या, हे कारण नाही, ही पळवाट आहे. मला ते पटलं. म्हणून मी कपाटातली अपघाताच्या चौकशीची नक्कल काढून वाचली. आई कामाला गेली होती. त्यात लिहिलंय की बाबांचा बिल्ला स्टोअरच्या फळ्यावर, मोठ्या पान्याच्या खिळ्याला सापडला. तू मागे मला समजावलं होतंस की स्टोअरमधून हत्यार घेतलं की त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला टांगायचा, आणि हत्यार परत केलं की बिल्ला घ्यायचा. म्हणजे साहेबांनी असा अर्थ लावला की त्या सकाळी बाबांनी मोठा पाना घेतला, बिल्ला तिथे टांगला आणि तसेच पिंपात उतरले. खाली लिहिलंय, 'मृताचा निष्काळजीपणा'. आणि त्याखाली तुझी सही आहे.

तर मग पाना कुठे गेला? घरी आलेल्या वस्तूंची यादी मला पाठ आहे. डबा, चष्म्याची एक काच, पेन्सिलीचा तुकडा, बिल्ला. पिंप रिकामं करून धुतलं तेव्हा सापडलेल्या वस्तूंची यादीही नकलेत आहे. त्यात एक लहान पाना आहे, मोठा नाही. हाताएवढा लांब पाना साबणासारखा विरघळत तर नाही ना?

मी त्याचा गोल काढला. 'मोठा पाना'. त्याला कुठूनच रेघ येत नाही. तुला माहीत असणार. बाबा आत काय घेऊन उतरले होते ते तू पाहिलं असशील.

नीट उत्तर दे. गाद्या नकोत.

मुंगी


१९ जुलै

चि. मुंगी,

कारखान्यात शेकडो पाने असतात. कोण कुठला कुठे टाकतो त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. चौकशी करणारे साहेब शिकलेले होते, त्यांनी बघून-सवरून लिहिलं. तू तेरा वर्षांची आहेस. नको तिथे नाक खुपसू नकोस.

तुझ्या बाईंचाच नियम आहे ना? रेघ नाही तो गोल खोडायचा. मग खोड.

आणि ती नक्कल जिथून काढलीस तिथे ठेव. वहिनींच्या दृष्टीस पडू देऊ नकोस. त्यांना आधीच काय कमी सोसावं लागलंय?

रागावून लिहितोय असं समजू नकोस. दुकानात काम फार आहे.

काका


८ ऑगस्ट

प्रिय काका,

तुला काम फार आहे, तरी हे वाच. आता तुला विचारायचं काही राहिलं नाही, फक्त सांगायचं आहे.

शाळेच्या मागच्या गल्लीत तुमच्या स्टोअरची खिडकी सांभाळणारे म्हातारे राहतात. आता ते कामावर जात नाहीत. दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. मी त्यांना पान्याचं विचारलं. ते म्हणाले, पान्याचं मला आठवत नाही पोरी, पण बिल्ल्याचं आठवतं. चौकशीच्या दिवशी तो खिळ्यावरून काढला तेव्हा फळ्यावर त्याच्यामागे स्वच्छ गोल राहिला होता. बाकी सगळा फळा धुळीने काळा, आणि तेवढा गोल नव्या लाकडासारखा. सात-आठ महिने तरी तो तिथून हलला नसणार. मी म्हटलं, हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही.

सात-आठ महिने, काका. म्हणजे बाबा त्या एका दिवशी विसरले नाहीत. रोज बिल्ल्याशिवाय उतरत होते. गॅस तीनदा बघणारा माणूस असं कधी करेल? मुद्दामच करेल. त्यांना आमच्यात राहायचंच नसेल.

मग उरलेलं आपोआप जुळलं. त्या सकाळी आमच्याकडे भांडण झालं होतं, हे तुला माहीत नसेल. मी तिसऱ्यांदा कंपासपेटी हरवली होती. आई मला बोलत होती, बाबा मध्ये पडले, मग आई त्यांना बोलली. बाबांनी बूट घातले आणि दारातून म्हणाले, संध्याकाळी बघू. त्यांचं शेवटचं बोलणं ते.

म्हणून आता चित्र असं आहे. 'मी पेटी हरवली', म्हणून 'भांडण', म्हणून 'बाबा मुद्दाम'. पान्याचा गोल मी खोडला. आता एकही गोल सुटा नाही. बाईंनी वरवर पाहिलं, म्हणाल्या, पूर्ण झालंय, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुला हे लिहायचं नसेल तर नको लिहूस. पाच सप्टेंबरला द्यायचं आहे.

काल आईने तो कागद टेबलावर पाहिला. मला वाटलं ओरडेल. तिने तो उचलला, खिडकीशी नेऊन वाचला, परत जागेवर ठेवला आणि बटणं लावायला बसली. थोड्या वेळाने बघते तर पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके. सुई बोटात जात होती आणि तिला कळत नव्हतं. आज ती कामाला गेली नाही.

मला भीती वाटते. तू ये.

मुंगी


१७ ऑगस्ट

भाऊजींना नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घ्या.

मुलीने तुम्हाला कळवलं असेलच. तिच्या कागदावर जे आहे ते मला नवं नाही. अकरा महिने मला ते ठाऊक आहे. त्या सकाळी मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्ही घरात नसता तर ही पोर वळणावर आली असती. रागात तोंडातून गेलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गेले. मी ते कोणाला सांगितलं नाही. माझं मी सोसत होते.

पण भाऊजी, तिने त्यात स्वतःचा गोल काढलाय. तो मला बघवत नाही. रात्रंदिवस तो डोळ्यांपुढून हलत नाही.

तुम्ही सख्खे भाऊ. शेवटी तुम्हीच त्यांच्याजवळ होतात. आत उतरण्याआधी ते तुमच्याशी काही बोलले का? माझ्याबद्दल काहीही वाईट बोलले असतील तरी लिहा. मी ते तिला दाखवेन. तिला कळू दे की दोष आईचा होता, तिचा नाही. मला एवढंच हवंय.

वहिनी


२५ ऑगस्ट

वहिनी आणि मुंगी,

हे पत्र दोघींनी एकत्र वाचा. मी तीनदा लिहून फाडलं. आठ तारखेच्या पत्राचंही उत्तर लिहिलं होतं, त्यात पुन्हा काहीतरी थापा होत्या. वहिनींचं पत्र आल्यावर तेही फाडलं.

पाना मी हरवला. एका ओळखीच्या माणसाच्या विहिरीवरचा पंप खोलायला मी तो कारखान्याबाहेर नेला आणि तो विहिरीत पडला. हत्यार बाहेर नेलं हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. आणि तो मी माझ्या नव्हे, दादाच्या बिल्ल्यावर घेतला होता, कारण माझा आधीच दुसऱ्या हत्याराला अडकला होता. दादा म्हणाला, तुझं नाव मी घेणार नाही, पण तसलाच पाना आणून दे. मी म्हटलं, उद्या आणतो. मुंगी, ते उद्या आठ महिने चाललं. फळ्यावरचा स्वच्छ गोल तो आहे.

दादा बिल्ल्याशिवाय उतरायला तयार नव्हता. मीच त्याला पटवलं. म्हटलं, आपण दोघं नेहमी बरोबरच उतरतो, माझा एक्केचाळीस नंबर हुकाला आहे ना, तो दोघांचा समज. तो रोज उतरताना मला विचारायचा, लावलास ना? आणि मी हो म्हटल्यावरही मान बाहेर काढून स्वतः हुकाकडे बघायचा. त्या दिवशीही त्याने बघितलं. बिल्ला हुकाला होता.

आत पात्याचा बोल्ट निघेना. आमच्या लहान पान्याला जोडून जोर लावायला एक लांब नळी हवी होती. मी म्हटलं, स्टोअरमधून आणतो. बाहेर आलो. स्टोअरमध्ये बिल्ला दिल्याशिवाय काही मिळत नाही, आणि वीस वर्षांची हाताला सवय. मी हुकावरचा बिल्ला काढला आणि खिशात टाकला. मनात काही आलंच नाही. खिडकीवर म्हातारे जागेवर नव्हते, म्हणून मी उभा राहून शेजारच्याशी चेष्टा करत होतो. मशीनवाला आला, त्याला हुक रिकामा दिसला, त्याने नियमाप्रमाणे हाकही मारली. पिंपाच्या आत हाक ऐकू जात नाही. मशीन सुरू झाल्याचा आवाज मी खिडकीवर ऐकला. तेव्हा बिल्ला माझ्या हातात होता.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तुमच्या भावाने बिल्ला का लावला नाही? मी म्हटलं, मी त्याला लाव म्हणून सांगितलं होतं. एवढंच बोललो. बाकी सगळं त्यांनीच लिहिलं. मी खाली सही केली आणि महिन्याभरात गाव सोडलं. तुम्हाला वाटलं, दुःखाने सोडलं. मी तसंच वाटू दिलं.

वहिनी, आत तो काय बोलला ते विचारलंत. तुमच्याबद्दल वाईट बोलला नाही. कंपासपेटीबद्दल बोलत होता. म्हणाला, या वेळी पेटीला दोरी बांधून मुंगीच्या गळ्यातच अडकवतो. हसत होता. म्हणाला, सकाळी घरात फार तापलंय, आज लवकर सुटू, संध्याकाळी तिघं बाजारात जाऊन पेटी घेतो म्हणजे तुझी वहिनीही निवेल. लवकर सुटायचं म्हणून आम्ही घाई करत होतो.

अकरा महिने हे मी एकटाच जाणून होतो आणि तुम्हाला जाळत ठेवलं. सोबत माझा बिल्ला पाठवतो आहे. मी त्याचं काय करू ते मला कळत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

काका


४ सप्टेंबर

काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बिल्ला परत पाठवते आहे. तो आमच्याकडे नको, आणि काय करू हे आम्हाला विचारू नका. कारखान्याच्या कचेरीत कागदावर अजून 'मृताचा निष्काळजीपणा' लिहिलेलं आहे. हा बिल्ला घेऊन तिथे जा, टेबलावर ठेवा आणि आम्हाला लिहिलंत तेच त्यांना लिहून द्या. ते तुमचं काय करतील ते मला माहीत नाही. नवीन कागदाची नक्कल आईच्या नावाने पाठवा. ती येईपर्यंत मला पत्र पाठवू नका. मी फोडणार नाही.

निबंध उद्या द्यायचा आहे. मधल्या गोलातला 'बाबांची' हा शब्द खोडला. खूप घासावं लागलं, कागद तिथे फाटला. बाई म्हणाल्या, नवा कागद घे. मी नाही घेतला. मी पुढे कोणाचंही नाव घातलेलं नाही. पान्याचा गोल परत काढला, आता त्याला तीन रेघा येतात. माझा गोल आईने स्वतः खोडला. मी तिच्या हातात रबर दिला नव्हता, तिने दप्तरातून शोधून घेतला.

आईचं सांगते, कारण तुम्हाला ते कळायला हवं. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. पान्याचं, बिल्ल्याचं ऐकताना तिने मान वर केली नाही. तुमच्यावर ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती फक्त शेवटचा भाग पुन्हा वाच म्हणाली. मी वाचला. पुन्हा वाच म्हणाली. चौथ्यांदा वाचल्यावर तिने विचारलं, "लवकर सुटू, असं म्हणाले?"

मी म्हटलं, हो.

"तिघं जाऊ, असं म्हणाले?"

मी म्हटलं, हो गं आई.

मग ती उठली. तिने ताट वाढून घेतलं आणि अकरा महिन्यांनी पहिल्यांदा खाली बसली. एक घास घेतला, आणि तो तोंडात तसाच ठेवून ती रडायला लागली. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.

"संध्याकाळी बघू म्हणाले," ती म्हणाली, "ते खरंच येणार होते."

तुमची पुतणी